टीव्हीची फी घराने भरावी का?



माजिवड्याला आमच्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न निघाला. एका ताईंची भाची लंडनजवळ राहते. तिथे घरात टीव्ही बघायचा तर वर्षाला वेगळी फी भरावी लागते, आणि तीही थोडीथोडकी नाही. ताईंनी विचारलं, "आपल्याकडेही असं आलं तर? आणि यायला हवं का?" कुणी म्हणालं, केबलचं बिल आहे तेवढं पुरे. कुणी म्हणालं, चांगलं दाखवणार असतील तर भरू की. एकमत काही झालं नाही. म्हणून आम्ही समन्वयक बायकांनी बसून माहिती जमवली. तीच आज तुमच्यापुढे मांडतो.

आपणही भरत होतो

ही फी आपल्याला नवी नाही. आपल्या सासऱ्यांनी, आजोबांनी ती भरलेली आहे.

२३ जुलै १९२७ ला मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं. ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाची खासगी कंपनी चालवत होती. ज्याच्या घरी रेडिओ, त्याने वर्षाला १० रुपयांचा परवाना घ्यायचा आणि त्यातला मोठा वाटा कंपनीला मिळायचा, अशी व्यवस्था होती. पण रेडिओच महाग. तीन वर्षांत साऱ्या देशात आठ हजारही परवाने झाले नाहीत. १९३० साली कंपनी बुडाली आणि सरकारने कारभार हातात घेतला. कंपनी गेली, परवाना मात्र राहिला.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्या काळात घरच्या रेडिओला वर्षाला १५ रुपये आणि टीव्हीला ५० रुपये अशी फी होती. पोस्टात जायचं, पैसे भरायचे, परवान्याच्या पुस्तिकेवर नोंद करून घ्यायची. दर वर्षी तेच. परवाना नसेल तर दंड व्हायचा, तपासनीस सेटसुद्धा उचलून नेऊ शकायचा. गंमत अशी, की फी भरायची एका घराने आणि छायागीत बघायला यायची अख्खी आळी.

१९८४-८५ च्या सुमारास हा परवाना बंद झाला. तोवर ट्रान्झिस्टर हातोहाती झाले होते, टीव्हीही वाढत होते. घरोघर जाऊन तपासणं अवघड. शिवाय दुसरं उत्पन्न सुरू झालं होतं. विविध भारतीवर १९६७ पासून आणि दूरदर्शनवर १९७६ पासून जाहिराती लागत होत्या.

फी गेली, खर्च राहिला

आता प्रश्न येतो, की फी नाही तर आकाशवाणी-दूरदर्शन चालतं कशावर? १९९७ पासून या दोन्ही संस्था प्रसार भारतीकडे आहेत. पगारासाठी मुख्यतः केंद्र सरकारचं अनुदान येतं. बाकीचं जाहिरातींतून आणि फ्री डिशवरच्या जागांच्या लिलावातून येतं. अनुदान म्हणजे करातून आलेला पैसा. आपण साबण घेतो, मुलांना पेन घेतो, मोबाइलचं रिचार्ज करतो, तेव्हा कुठे ना कुठे कर भरतोच. म्हणजे दूरदर्शनचा खर्च आपण आजही उचलतो. फक्त त्याची वेगळी पावती मिळत नाही.

केबलचा हिशेबही बघू. २०१७ पर्यंत आपल्या राज्यात केबलच्या जोडणीवर करमणूक कर होता. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो राज्याचा कर त्यात मिसळला. आता केबलवर आणि डीटीएचवर १८ टक्के जीएसटी आहे. बिल कराशिवाय २५० रुपये असेल, तर त्यावर ४५ रुपये कर. महिन्याचे झाले २९५. वर्षाला नुसता कर ५४० रुपये. हे पैसे केंद्राच्या आणि राज्याच्या तिजोरीत जातात, दूरदर्शनसाठी वेगळे ठेवले जात नाहीत.

एक लक्षात ठेवा. केबलवाल्याने बिलात जीएसटी लावला असेल, तर त्या बिलावर जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे. क्रमांक नसेल तर कराच्या नावाने पैसे देऊ नका, आधी पक्कं बिल मागा.

फी असावी म्हणणारे काय म्हणतात?

त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते म्हणतात, ज्याचा पैसा त्याचा शब्द चालतो. सरकारच्या अनुदानावर चालणारं केंद्र सरकारला अडचणीचे प्रश्न कसे विचारणार? आणि जाहिरातीवर चालणारी वाहिनी जाहिरातदाराला कशी दुखावणार? मीठ-साखर जास्त असलेल्या खाऊची जाहिरात ज्या वाहिनीवर दिवसभर चालते, ती वाहिनी त्या खाऊबद्दल आईला सावध करेल का? प्रेक्षकाने थेट पैसे दिले तर केंद्र प्रेक्षकाला बांधील राहील, असा हा विचार आहे. इंग्लंडमधली बीबीसी याच तत्त्वावर उभी आहे.

विचार चांगला आहे. पण आपलाच अनुभव काय सांगतो? १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात आपल्याकडे परवाना फी चालू होती. लोक पोस्टात पैसे भरत होते आणि रेडिओ-टीव्हीवर मात्र सरकारचंच ऐकू येत होतं. कारण केंद्रं सरकारी खात्याच्या हाताखाली होती. नंतर १९७८ साली बी. जी. व्हर्गीज यांच्या समितीने ही केंद्रं स्वतंत्र न्यासाकडे द्या असं सुचवलं. कायदा व्हायला १९९० साल उजाडलं आणि तो लागू व्हायला १९९७. म्हणजे नुसती फी घेतल्याने केंद्र आपलं होत नाही. पैसा कुणाच्या हातात जातो आणि जाब कोण विचारू शकतं, त्यावर ते ठरतं.

इंग्लंडमध्येही फी किती असावी हे शेवटी सरकारच ठरवतं. २०२२ मध्ये सरकारने ती दोन वर्षं १५९ पौंडांवर गोठवली होती.

दार कोण उघडतं?

आता आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधली रंगीत टीव्हीची फी वर्षाला १७४.५० पौंड झाली. आपल्या हिशेबात साधारण वीस हजार रुपये. बंगल्यात राहणाऱ्याला तेवढीच आणि एका खोलीत मुलं वाढवणाऱ्या एकट्या बाईलाही तेवढीच. सवलती आहेत, पण त्या मोजक्यांना.

ही फी न भरता टीव्ही बघणं तिथे गुन्हा आहे. हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि या गुन्ह्यात दोषी कोण ठरतं? २०१९ साली दर चार जणांमागे जवळजवळ तीन बायका होत्या. टीव्ही काय फक्त बायकाच बघतात? नाही. तपासनीस येतो तेव्हा घरात बाई असते. ती दार उघडते, ती उत्तरं देते आणि कागदावर तिचंच नाव लागतं. फीची वसुली बघणाऱ्या यंत्रणेने २०१७ मध्ये स्वतःच या गोष्टीचा अहवाल काढला, त्यातही हेच दिसलं. बायका घरी जास्त असतात, घर एकटीने चालवणाऱ्यांतही त्याच जास्त आहेत, म्हणून बोजा त्यांच्यावर पडतो.

मैत्रिणींनो, हे ऐकल्यावर आमच्या बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. कारण आपल्याकडे वेगळं काय आहे? दुपारी दारावर कुणीही आलं तरी दार आपणच उघडतो. सेट नवऱ्याच्या नावावर, रिमोट मुलांच्या हातात आणि तपासनिसासमोर उभ्या आपण.

वसुलीच्या दुसऱ्या रीतीही जगात आहेत. जर्मनीत २०१३ पासून टीव्ही असो-नसो, दर घराला फी आहे. ती महिन्याला १८ युरोंच्या पुढे जाते, आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना माफ असते. पाकिस्तानात अनेक वर्षं लाइट बिलातून महिन्याला ३५ रुपये कापले जात होते. फ्रान्सने मात्र २०२२ मध्ये अशी फी बंदच केली आणि खर्च कराच्या पैशातून करायचं ठरवलं.

आमचं मत

आम्हाला असं वाटतं, की घरटी फी नको. तीन कारणं सांगतो.

एक, सगळ्यांना सारखी फी म्हणजे सारखा न्याय नाही. माजिवड्यातच बघा. गावठाणातलं दीड खोलीचं घर आणि शेजारच्या टॉवरमधला तीन बेडरूमचा फ्लॅट, दोघांना एकच रक्कम लावली तर ती कुणाला जड जाईल हे सांगायला नको. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर तर ती आणखी जड जाईल. सगळ्यांच्या उपयोगाची गोष्ट करातून चालावी आणि ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त भरावं, हे बरं.

दोन, वसुलीचा जाच बाईच्या दारात येतो.

तीन, फी भरूनही केंद्र आपलं होईलच असं नाही, हे आपण आणीबाणीत पाहिलं.

पण फी नको म्हटलं म्हणजे विषय संपला असं नाही. फी नसल्यामुळे आपल्याला वाटतं, की फुकट आहे, जे दाखवतील ते बघायचं. तसं नाही. पैसे आपलेच आहेत. आणि प्रसार भारतीच्या कायद्यात या संस्थेची कामं लिहून ठेवली आहेत. शेती, ग्रामीण विकास, शिक्षण, आरोग्य यांकडे विशेष लक्ष द्यायचं. स्त्रियांचं समाजातलं स्थान आणि त्यांचे प्रश्न लोकांपुढे आणायचे. ही मेहेरबानी नाही, कायद्याने दिलेलं काम आहे.

हे काम नीट झालं की काय होतं, तेही आपल्या मातीत दिसलेलं आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या १५० गावांत ऐकणाऱ्यांची मंडळं केली. लोक एकत्र बसून शेतीवरचे कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायचे आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. पुढे आकाशवाणीवरचं वनिता मंडळ, दूरदर्शनवरचं आमची माती आमची माणसं, ज्ञानदीप, हे कार्यक्रम घराघरांत ओळखीचे झाले. ज्ञानदीपच्या प्रेक्षकांनी तर गावोगाव मंडळं काढली. आजचे आपले बचत गट म्हणजे तयार मंडळंच आहेत.

गटात काय करता येईल?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने केबलचं किंवा डीटीएचचं बिल आणा. कोणत्या वाहिन्यांचे पैसे जातात आणि त्यातल्या किती बघतो, ते वाचून दाखवा. न बघितलेल्या वाहिन्या काढून टाकता येतात, तसं केबलवाल्याला सांगा. २९५ रुपयांच्या हिशेबाने एका घराचे वर्षाला ३,५४० होतात, दहा घरांचे ३५,४००. दहा जणींच्या गटाची महिना शंभर रुपयांची बचत वर्षाला १२,००० होते. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून बघा.

ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. ती २००४ पासून चालू आहे. छत्री आणि सेट टॉप बॉक्स एकदा विकत घ्यायचा, मग महिन्याचं भाडं नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते, खासगी वाहिन्याही काही दिसतात. आवडती मालिका मात्र तिथे असेलच असं नाही, म्हणून आधी शेजारी कुणाकडे असेल तर बघून या. मालिका बघणं काही गुन्हा नाही. दिवसभर राबल्यावर अर्धा तास आपला असायला हवाच. फक्त त्याची किंमत माहीत असावी.

तिसरं काम पत्राचं. गटाच्या नावाने, सगळ्यांच्या सह्यांनी, सह्याद्री वाहिनीला किंवा जवळच्या आकाशवाणी केंद्राला एक पत्र लिहा. आम्हाला काय हवं ते नेमकं लिहा. "चांगले कार्यक्रम द्या" असं मोघम नको. "बचत गटाच्या कर्जाचे हप्ते, सातबाऱ्यावर बाईचं नाव, पाळीच्या तक्रारी, यांवर आमच्या बोलीत आणि संध्याकाळच्या वेळी कार्यक्रम द्या" असं लिहा. दुपारी शेतावर किंवा कामावर असतो, तेव्हा लावलेला कार्यक्रम आपल्या कानावर पडत नाही, हेही कळवा. पत्राची नक्कल गटाच्या फाइलला लावा. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर दुसरं पत्र पाठवा.

आमच्या गटांनी पहिल्या पत्राचा मसुदा केला आहे, सह्या चालू आहेत. तुमच्या गटाला काय ऐकायचं आहे, काय बघायचं आहे, ते ठरवा आणि आम्हालाही कळवा. तुमचे विषय आम्ही याच कार्यक्रमात वाचून दाखवू.