टोचलेले अंडे

मराठी शिकवणाऱ्या माणसाने अंड्यांत नाक खुपसू नये, असे माझ्या वहिनींचे स्पष्ट मत आहे. आणि ते अकारण नाही!

गेल्या मे महिन्यात मालवणला भावाकडे गेलो, तेव्हा पडवीत इन्क्युबेटर चालू होता. एकविसावा दिवस. सकाळी एक अंडे आतून टोचले गेले, चिवचिव ऐकू आली. मग दुपारपर्यंत सारे सामसूम. मला राहवेना. झाकण उघडून मी नखाने कवच सोलले. पडद्यातून रक्त आले. पोटाशी पिवळा बलक अजून बाहेरच होता. संध्याकाळी पिल्लू गेले.

शेजारच्या काकी एवढेच म्हणाल्या, "घाय कित्याक करतंस? पिल्लू आपणच भायर येतला!"

काकींचे खरे होते. टोचल्यानंतर पिल्लू स्वस्थ दिसते. पण तेव्हा ते पडद्यातले रक्त आत ओढून घेत असते. बलकही बेंबीवाटे पोटात जातो. तीच त्याची पहिल्या दोन दिवसांची शिदोरी. या साऱ्याला १२ ते २४ तास सहज लागतात. शिवाय झाकण उघडले की ओलावा उडतो आणि इतर पिल्लांचे पडदे सुकून अंगाला चिकटतात.

मदत करायची ती आधी. पंखा असलेल्या यंत्रात उष्णता ३७.५ अंश सेल्सिअस राखावी, अंडी नियमाने फिरवावीत, १८ व्या दिवशी फिरवणे थांबवून ओलावा वाढवावा. त्याआधी मात्र अंड्याचे वजन सुमारे १२ टक्के घटावे लागते. म्हणून कोकणातल्या पावसाळी हवेत पाण्याची थाळी बेतानेच भरावी.

पुरते २४ तास उलटूनही प्रगती नसेल आणि पडदा सुकला असेल, तर तो कोमट पाण्याने भिजवून कवचाचा कपटा काढावा. रक्त दिसताच थांबावे.

याच जिल्ह्यात, वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावर, समुद्री कासवांची अंडी कुंपणात जपतात. पण पिल्ले निघाली की त्यांना वाळूवर सोडतात. समुद्रापर्यंत त्यांनीच चालायचे!

गणपतीला पुन्हा गेलो. एक अंडे दुपारी टोचले गेले. रात्रभर मी हात मागे बांधून बसलो. पहाटे कवचाची टोपी उडाली आणि ओलेचिंब पिल्लू पाय झाडत बाहेर आले.

"भाऊजी, तुम्ही काय केलंत?" वहिनींनी संशयाने विचारले.

"काहीच नाही," मी म्हणालो. पण ते काही सोपे नव्हते.