सवाईच्या हिशेबातली दोन वर्षे

पुण्यात २०१९ च्या डिसेंबरात सदुसष्टावा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव झाला आणि अडुसष्टावा झाला तो थेट २०२२ च्या डिसेंबरात. मधली दोन वर्षे क्रमांकात धरलेलीच नाहीत. २०२० मध्ये करोनामुळे महोत्सव झाला नाही, पुढच्या खेपेची जुळवाजुळव ओमायक्रॉनच्या लाटेत अडली. चेन्नईच्या म्युझिक अकादमीने मात्र २०२० च्या डिसेंबरात आपला संगीतोत्सव ऑनलाइन केला. या दोहोंची तुलना करून सवाईचे थांबणे म्हणजे निव्वळ कर्मठपणा, असे कुणी म्हणेल. पण काय सोडता येते आणि काय सोडले तर महोत्सवच उरत नाही, हा भेद या थांबण्यातून दिसतो.

हा महोत्सव बदलाला कधी बिचकला नाही. १९५३ मध्ये पं. भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ तो सुरू केला, तेव्हापासून कितीतरी वर्षे गाणे रात्रभर चालायचे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आले आणि जागरणे गेली. मध्यरात्रीच्या दरबारीची वेळ हातची गेली, पण दुपारच्या सत्रांमुळे भीमपलासी, मुलतानीला हक्काची जागा मिळाली. रमणबागेचा मांडव मुकुंदनगरला गेला. २००९ मध्ये स्वाइन फ्लूमुळे डिसेंबरचा महोत्सव जानेवारी २०१० मध्ये घेतला गेला. वेळ, जागा, महिना सगळे बदलले. बदलले नाही ते एकच, हजारो माणसांनी एका मांडवात बसून ऐकणे.

त्या एकत्र बसण्याचा गाण्याशी काय संबंध, हे विलंबित एकतालात कळते. गायक आवर्तन भरत येतो, तबलजी त्याच्या श्वासावर लक्ष ठेवून असतो आणि दोघे समेवर आले की मांडवातून ‘वाहवा’ उठते. गायक आणि तबलजी दोन घरांत बसले, तर इंटरनेटवरून आवाज पोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या विलंबातही सम हुकते. त्यांना एका खोलीत बसवून चित्रण केले तर ही अडचण मिटते, पण ‘ही जागा पुन्हा घ्या’ असे न बोलता सुचवणारा श्रोता तिथे नसतो. ख्याल मंचावर बसून घडवत जायचा असतो, म्हणून ही उणीव लहान नाही.

यावर पहिला आक्षेप पोटापाण्याचा, आणि तो खरा आहे. मैफली थांबल्या की आधी झळ बसते ती तबला, हार्मोनियम, तानपुऱ्याच्या साथीदारांना. त्यांच्यासाठी ऑनलाइन कार्यक्रम व्हायलाच हवे होते. परगावच्या आणि परदेशातल्या मराठी रसिकांनाही त्यांचा उपयोग आहे. मात्र त्या कार्यक्रमांना सवाईचा अनुक्रमांक लावण्याची गरज नव्हती. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ज्या महोत्सवाची सांगताच सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने होते, त्याला ध्वनिमुद्रणाचे वावडे कसले? वावडे नाहीच. ती भैरवी आज कुणालाही घरबसल्या, हवी तेव्हा ऐकता येते. तरीही ती वाजेपर्यंत लोक मांडवात बसून राहतात.