ऑनलाइन मालमत्ता-दलाली

घर विकू इच्छिणाऱ्या मालकाकडून ठरावीक रक्कम घेऊन त्याच्या घराची जाहिरात आंतरजालावरील मालमत्ता-संकेतस्थळांवर देणे, ग्राहकांच्या चौकशा त्याच्यापर्यंत पोहोचविणे आणि त्यांचे देकार त्याला कळविणे, असे या व्यवसायाचे स्थूल स्वरूप आहे. बाजारपेठेत कार्यालय थाटून बसणाऱ्या पारंपरिक दलालापासून हा दलाल दोन बाबतींत वेगळा असतो : त्याचे गावात कार्यालय नसते आणि त्याचे शुल्क बहुधा विक्री होण्यावर अवलंबून नसते. यांपैकी पहिली बाब चटकन डोळ्यांत भरते. तथापि विक्रेत्याच्या हिताच्या दृष्टीने दुसरी अधिक महत्त्वाची होय. हा व्यवसाय ग्रेट ब्रिटनमध्ये, त्यातही इंग्लंड व वेल्समध्ये, विशेष वाढला. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तेथील पद्धतीचे विवेचन केले आहे.

पूर्वपीठिका : इंग्लंडमधील मालमत्ता-दलाल हा मूळचा लिलावदार वा भूमापक. एकोणिसाव्या शतकात नगरांची वाढ झाली, तसा घरांच्या खरेदी-विक्रीचा व्यवहार त्याच्याकडे आला आणि पुढे तोच त्याचा मुख्य धंदा झाला. कार्यालयाच्या दर्शनी काचेत लावलेली घरांची माहितीपत्रके, स्थानिक वृत्तपत्रातील जाहिरात आणि कोण कोणत्या भागात घर शोधत आहे याची नोंदवही, हे त्याचे खरे भांडवल. घर विकले गेले, तरच विक्रीकिंमतीच्या साधारणतः १ ते २ टक्के, क्वचित त्याहून अधिक, दलाली तो घेई. विक्री न झाल्यास काहीही घेत नसे. ही पद्धत आजही पारंपरिक दलालांमध्ये रूढ आहे. न विकल्या गेलेल्या घरांवर झालेला खर्च विकल्या गेलेल्या घरांच्या दलालीतून भरून निघतो, म्हणजे यशस्वी विक्रेता अयशस्वी विक्रेत्याचाही भार वाहतो.

राइटमूव्ह हे संकेतस्थळ २००० मध्ये चार बड्या दलाल-संस्थांनी मिळून सुरू केले. २००८ मध्ये झूप्ला हे दुसरे मोठे संकेतस्थळ आले. घर शोधणारा ग्राहक काचेतील पत्रके पाहण्याऐवजी पडद्यावर घरे पाहू लागला. परिणामी दलालाचे कार्यालय कोणत्या रस्त्यावर आहे, याला पूर्वीचे महत्त्व उरले नाही. मात्र राइटमूव्ह घरमालकाची जाहिरात थेट स्वीकारत नाही. दलालांकडूनच घेते व त्यांच्याकडून मासिक वर्गणी आकारते. ऑनलाइन दलालाचा उदय या नियमातून झाला, असे म्हणता येईल. ज्या बाजारात मालकाला स्वतः शिरता येत नाही, त्या बाजाराचा दरवाजा तो अल्प मोबदल्यात उघडून देतो. मालकांनी एकमेकांशी थेट व्यवहार करावा म्हणून केवळ जाहिरात व संपर्काची सोय पुरविणाऱ्या संकेतस्थळांना २०१३ च्या कायद्याने दलालीच्या व्याख्येतून वगळण्यात आले. परंतु ग्राहक मोठ्या संकेतस्थळांवरच एकवटला असल्याने अशा खाजगी विक्रीस फारसा वाव मिळाला नाही.

कार्यपद्धती : विक्रेता दलालाच्या संकेतस्थळावर नोंदणी करतो. अवैध पैशाच्या व्यवहारांस आळा घालणाऱ्या २०१७ च्या विनियमांनुसार त्याची ओळख पडताळली जाते. घराचे ऊर्जा-कार्यक्षमता प्रमाणपत्र नसल्यास जाहिरातीपूर्वी ते मागवावे लागते. ते १० वर्षे वैध असते व त्यात घराला ए ते जी यांपैकी एक श्रेणी मिळते. यानंतर छायाचित्रे, घराचा आराखडा व वर्णन तयार होते. किंमत सुचविण्यासाठी कधी प्रतिनिधी घरी येतो, तर कधी आसपासच्या नोंदलेल्या विक्रींवरून संगणकाने काढलेल्या अंदाजावर काम भागवितात. इच्छुकांना घर दाखविणे हे बहुधा मालकाचेच काम. दलालाने ते करावयाचे असल्यास निराळे शुल्क पडते. आलेला प्रत्येक देकार दलालाने विक्रेत्यास विनाविलंब लेखी कळविला पाहिजे, असा दंडक आहे व तो दोन्ही प्रकारच्या दलालांना सारखाच लागू आहे.

शुल्क व जोखीम : ३ लाख पौंडांच्या घरावर दीड टक्का दलाली ४,५०० पौंड होते व त्यावर २० टक्के मूल्यवर्धित कर धरता एकूण ५,४०० पौंड पडतात. ऑनलाइन दलालाने करासह १,००० पौंड घेतले, तर ४,४०० पौंडांची बचत दिसते. जाहिरातींत हीच तुलना ठळकपणे केली जाते. ती अंकगणिताच्या दृष्टीने बरोबर असली, तरी अपुरी आहे. पहिली रक्कम विक्री झाल्यावर, विक्रीच्या पैशांतून द्यावयाची असते. दुसरी आगाऊ द्यावयाची असते आणि घर न विकले तरी परत मिळत नाही. पहिल्या प्रकारात विक्रेता विक्री विकत घेतो, दुसऱ्यात विक्रीचा प्रयत्न. घर न विकले जाण्याची जोखीम दलालाकडून विक्रेत्याकडे येते आणि कमी शुल्क हा काही अंशी त्या जोखमीचाच मोबदला असतो. शिवाय ३ लाखांऐवजी २ लाख ९५ हजारांवर समाधान मानावे लागले, तर सगळी बचत नाहीशी होऊन वर ६०० पौंडांचा तोटा होतो.

काही संस्था शुल्क विक्रीपर्यंत किंवा काही महिन्यांपर्यंत लांबणीवर टाकण्याची सवलत देतात. ही मुदत म्हणजे ‘विक्री नाही, तर शुल्क नाही’ ही हमी नव्हे. मुदत संपताच घर विकलेले असो वा नसो, रक्कम देणे लागते. अनेकदा ही सवलत कायद्याच्या भाषेत कर्जाचा करारच असते. तीसोबत दलालाने नेमलेल्या सॉलिसिटरकडूनच हस्तांतरणाचे काम करून घेण्याची अट असू शकते व त्या सॉलिसिटरकडून दलालास मोबदला मिळतो. मूळ शुल्क जितके कमी, तितके अशा आडमार्गाच्या उत्पन्नाकडे विक्रेत्याने अधिक लक्ष द्यावे लागते.

टक्केवारीच्या दलालीने तरी दलालाचे व विक्रेत्याचे हित जुळते काय, हा अर्थशास्त्रात बराच चर्चिला गेलेला प्रश्न आहे. वरील उदाहरणात किंमत १०,००० पौंडांनी वाढली, तर दलालाच्या पदरात करपूर्व अवघे १५० पौंड अधिक पडतात. तेवढ्यासाठी आणखी काही आठवडे खटपट करण्यापेक्षा हाती आलेला देकार स्वीकारण्याचा सल्ला देणे त्याला सोयीचे असते. स्टीव्हन लेव्हिट व चॅड सिव्हर्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सु. एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. दलाल स्वतःचे घर विकतात, तेव्हा ते तशाच इतर घरांपेक्षा सरासरी साडेनऊ दिवस अधिक बाजारात ठेवतात आणि किंमत सु. ३·७ टक्के अधिक मिळवितात, असे त्यांना आढळले. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरासंबंधी इगाल हेंडेल, अविव नेव्हो व फ्रांस्वा ऑर्तालो-मान्ये यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अल्प शुल्काच्या संकेतस्थळावर स्वतः घर विकणाऱ्या मालकांना दलालामार्फत विकणाऱ्यांपेक्षा कमी किंमत मिळाल्याचे दिसले नाही. मात्र विक्रीस वेळ अधिक लागला व विक्री होण्याची शक्यता कमी राहिली. हे दोन्ही निष्कर्ष अमेरिकेतील बाजारांचे असल्याने ते इंग्लंडला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही एक गोष्ट त्यांवरून स्पष्ट होते : दलालीत वाचलेल्या पैशाची किंमत विक्रेता बहुधा वेळ आणि अनिश्चितता यांच्या रूपाने मोजतो. ज्याला घाई नाही, त्याला हा सौदा परवडतो. बदली, घटस्फोट वा कर्जाचे थकलेले हप्ते यांमुळे ज्याला ठरावीक दिवसांत घर विकणे भाग आहे, त्याला तो महाग पडू शकतो.

देकारानंतरचा टप्पा : ग्राहक मिळाला की काम संपले, असा समज सर्वत्र आढळतो. इंग्लंड व वेल्समध्ये तो विशेष घातक ठरतो. तेथे स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करार १९८९ च्या कायद्यानुसार लेखी व स्वाक्षरीयुक्त असावा लागतो. देकार स्वीकारल्यानंतर दोन्ही पक्षांच्या सॉलिसिटरांनी करारपत्रांची अदलाबदल करेपर्यंत व सामान्यतः किंमतीच्या १० टक्के अनामत भरली जाईपर्यंत कोणीही माघार घेऊ शकतो. या मधल्या काळात, जो अनेकदा काही महिन्यांचा असतो, विक्रेता दुसऱ्याचा वरचढ देकार स्वीकारू शकतो (यास तेथे गॅझंपिंग म्हणतात) आणि उलटपक्षी अखेरच्या घटकेस ग्राहक किंमत पाडून मागू शकतो. त्यातच अनेक ग्राहक स्वतःचे घर विकून नवे घेत असल्याने व्यवहारांची साखळी तयार होते. एका टोकाच्या ग्राहकाचे गहाणकर्ज नामंजूर झाले, तर दुसऱ्या टोकाचे कुटुंब सामान बांधून बसलेले असतानाही व्यवहार कोसळतो.

ही साखळी सांभाळणे हे चांगल्या दलालाचे सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी दिसणारे काम होय. कोणाचे कर्ज मंजूर झाले, कोणत्या सॉलिसिटरकडे कागद अडला, कोण कच खात आहे, हे विचारत राहणे, रुसलेल्या पक्षाची समजूत घालणे, प्रसंगी शे-दोनशे पौंडांच्या पडद्यांवरून अडलेला व्यवहार पुढे ढकलणे, ही सारी कामे त्यात येतात. शुल्क आधीच पदरात पडलेल्या दलालास या खटपटीचे आर्थिक कारण उरत नाही. ती त्याच्या सचोटीवर व नावलौकिकाच्या चाडेवर अवलंबून राहते. अनेक ऑनलाइन संस्थांनी यासाठी स्वतंत्र विभाग ठेवले आहेत. तेथील एका कर्मचाऱ्याकडे किती प्रकरणे असतात, हे विक्रेत्याने करारापूर्वी विचारून घेणे इष्ट.

कायदेशीर नियंत्रण : १९७९ च्या मालमत्ता-दलाल अधिनियमानुसार व्यवसाय सुरू करण्यास परवाना लागत नाही, अपात्र ठरलेल्या व्यक्तीस मात्र तो करण्यास मनाई करता येते. शुल्क किती, केव्हा व कोणत्या परिस्थितीत द्यावे लागेल, हे दलालाने करारापूर्वी लेखी सांगणे बंधनकारक आहे. ‘एकमेव अभिकरण’ व ‘एकमेव विक्रीहक्क’ या दोन संज्ञांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात करारकाळात मालकाने स्वतःच्या ओळखीच्या माणसाला घर विकले, तरी दलाली द्यावी लागते. घरी बसून दूरस्थपणे केलेला करार १४ दिवसांत रद्द करता येतो. तथापि त्या मुदतीत विक्रेत्याच्याच मागणीवरून सेवा सुरू झाली असल्यास तिचा प्रमाणशीर मोबदला द्यावा लागतो. निवासी घरांच्या प्रत्येक दलालाने मान्यताप्राप्त तक्रार-निवारण योजनेचे सदस्य असणे २००८ पासून सक्तीचे आहे. महत्त्वाची माहिती ग्राहकापासून दडविण्यासंबंधीच्या तरतुदी एप्रिल २०२५ पासून २०२४ च्या नव्या ग्राहक-अधिनियमाखाली येतात. स्कॉटलंडमध्ये घरविक्रीचा मोठा भाग परंपरेने सॉलिसिटरांकडेच आहे आणि तेथे घराचा पाहणी-अहवाल विक्रेत्यालाच आधी सिद्ध ठेवावा लागतो.

प्रमुख संस्था : पर्पलब्रिक्स ही या क्षेत्रातील सर्वपरिचित संस्था. मायकेल व केनी ब्रूस या बंधूंनी २०१२ मध्ये तिची स्थापना केली व २०१४ मध्ये प्रत्यक्ष व्यवसाय सुरू झाला. डिसेंबर २०१५ मध्ये लंडन शेअरबाजाराच्या नवोदित कंपन्यांसाठी असलेल्या विभागात तिचे भाग विक्रीस आले आणि २०१७ मध्ये त्यांचे एकूण बाजारमूल्य एक अब्ज पौंडांहून अधिक झाले. ऑस्ट्रेलिया, अमेरिका व कॅनडा येथे तिने विस्तार केला. परंतु २०१९ मध्ये पहिल्या दोन देशांतून माघार घ्यावी लागली व २०२० मध्ये कॅनडातील व्यवसाय विकावा लागला. अखेर २०२३ मध्ये तिचा व्यवसाय स्ट्राइक या प्रतिस्पर्धी संस्थेने नाममात्र एका पौंडास घेतला आणि त्याच वर्षी मूलभूत विक्रीसेवा विनामूल्य देऊन गहाणकर्ज, हस्तांतरण व जादा सेवांवर उत्पन्न मिळविण्याचे धोरण आखले. ईमूव्ह ही दुसरी संस्था २०१८ मध्ये टेपिलो या संस्थेशी एकत्रित झाली व त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली. संस्था अशी बुडाल्यास आगाऊ शुल्क भरलेला विक्रेता तारण नसलेल्या धनकोंच्या रांगेत उभा राहतो.

या अपयशांचे कारण स्वस्ताईच्या हिशोबातच सापडते. प्रत्येक नवा विक्रेता मिळविण्यासाठी जाहिरातींवर मोठा खर्च करावा लागतो आणि घर ही वस्तू माणूस वर्षानुवर्षांतून एकदा विकतो. त्यामुळे तोच ग्राहक पुन्हा येऊन हा खर्च भरून निघत नाही. गावातील दलालाची पाटी रस्त्यावर फुकट जाहिरात करीत असते; संकेतस्थळाला ती सोय नाही.

इतर देश : अमेरिकेत विक्रेत्याच्या दलालीतूनच ग्राहकाच्या दलालासही वाटा देण्याची रीत होती व एकूण दलाली ५ ते ६ टक्के पडे. या रीतीविरुद्धच्या दाव्यात मार्च २०२४ मध्ये दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने ४१·८ कोटी डॉलरांची तडजोड मान्य केली. त्यानुसार ऑगस्ट २०२४ पासून ग्राहकाच्या दलालास द्यावयाच्या मोबदल्याची नोंद दलालांच्या सामाईक सूचीत करता येत नाही.

भारतात नाइन्टीनाइन एकर्स, मॅजिकब्रिक्स, नोब्रोकर इ. संकेतस्थळे प्रचलित आहेत. त्यांचे स्वरूप बहुतांशी जाहिरातफलकाचे असून त्यांपैकी पहिल्या दोहोंवर मालक व दलाल दोघेही नोंद करू शकतात. इंग्लंडमधील दलाल एकट्या विक्रेत्याचा अभिकर्ता असतो, तर मुंबई-पुण्यात दोन्ही पक्षांकडून दलाली घेण्याचा प्रघात आहे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमात कोणत्याही माध्यमातून ग्राहक व विक्रेता यांची गाठ घालून देणाऱ्याचा समावेश दलालाच्या व्याख्येत केला आहे. नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी त्याने प्राधिकरणाकडे नोंदणी केली पाहिजे. महाराष्ट्रात हे काम महारेरा पाहते. जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेची पुनर्विक्री मात्र सामान्यतः या नोंदणीच्या कक्षेबाहेर राहते. अशा व्यवहारात संस्थेचे भागपत्र, आधीच्या सर्व खरेदीखतांची सलग मालिका व थकबाकी नसल्याचा दाखला जमविणे, मुद्रांकशुल्क भरणे आणि दुय्यम निबंधकासमोर दस्त नोंदविणे ही कामे, घर संकेतस्थळावरून विकले तरी, विक्रेता व ग्राहक यांनाच पार पाडावी लागतात.