फाइल कॉपी झाली म्हणजे सॉफ्टवेअर इन्स्टॉल झाले नाही

‘सॉफ्टवेअर टाकायचे म्हणजे काय, चार फाइली योग्य फोल्डरमध्ये नेऊन ठेवायच्या’, हा समज इतका पक्का बसला आहे की कॉम्प्युटर दुरुस्त करणारेही तो बिनदिक्कत सांगतात. त्यातून दोन सल्ले हमखास निघतात. इन्स्टॉलेशन मधेच अडकले की ‘ती लॉक फाइल उडवा’, आणि सॉफ्टवेअर नको झाले की ‘फोल्डरच डिलीट करा’. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि त्यांचा फटका सर्वांत जास्त बसतो तो हरिहरेश्वरसारख्या गावांना. श्रीवर्धन तालुक्याच्या दक्षिण टोकाला, सावित्रीच्या मुखाशी असलेल्या या गावात पावसाळ्यात लाइट जाणे आणि रेंज जाणे धरूनच चालावे लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनारपट्टीवर आदळले, तेव्हा तर वीज आणि फोन अनेक दिवस बंद होते. अशा ठिकाणी एखाद्या होमस्टेच्या किंवा शाळेच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉलेशन अर्ध्यात तुटण्याची शक्यता मोठी असते. म्हणूनच इन्स्टॉलेशन म्हणजे नेमके काय, हे इथल्या माणसाला मुंबई-पुण्याच्या माणसाइतके तरी ठाऊक असायलाच हवे.

डेबियन या लिनक्स प्रणालीचे उदाहरण घेऊ. ती १९९३ साली सुरू झाली आणि उबुंटू तिच्यावरच उभी आहे. डेबियनची पॅकेज फाइल उघडून पाहिली तर आत तीन गोष्टी सापडतात: पॅकेजच्या घडणीची आवृत्ती सांगणारा एक आकडा, प्रत्यक्ष फाइलींचा गठ्ठा आणि ‘कंट्रोल’ नावाचा दुसरा गठ्ठा. फाइली कॉपी करण्याचे काम फक्त एका गठ्ठ्यापुरते आहे. कंट्रोलच्या गठ्ठ्यात पॅकेजचे नाव, आवृत्ती, त्याला लागणारी इतर पॅकेजेस आणि चारपर्यंत स्क्रिप्ट असतात: फाइली ठेवण्याआधी चालवायची, ठेवल्यानंतर चालवायची, काढण्याआधीची आणि काढल्यानंतरची. डीपीकेजी ही कमांड फाइली जागच्या जागी ठेवतेच, पण त्याबरोबर या स्क्रिप्ट आणि प्रत्येक फाइलची यादी आपल्या दप्तरात दाखल करते, आणि पॅकेज कोणत्या अवस्थेत आहे हेही लिहून ठेवते. जमिनीचा ताबा असणे आणि सातबाऱ्यावर नाव चढणे यांत जो फरक आहे, तोच कॉपी करणे आणि इन्स्टॉल करणे यांत आहे. दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करण्यासाठी लागणाऱ्या ओपनएसएसएच सर्व्हरचेच पाहा. त्याच्या फाइली हाताने कॉपी केल्या तर त्या जागेवर जातील, पण त्या यंत्राच्या स्वतःच्या गुप्त किल्ल्या तयार होणार नाहीत आणि सेवाही सुरू होणार नाही, कारण ही कामे फाइली ठेवल्यानंतरची स्क्रिप्ट करते.

आता लाइट गेली असे समजा. फाइली उलगडून झाल्या आहेत, पण नंतरची स्क्रिप्ट पुरी व्हायची आहे. ‘फाइली आल्या ना, मग झाले’ असे म्हणणारा इथे फसतो. दप्तरात मात्र त्या पॅकेजपुढे ‘अर्धे कॉन्फिगर झालेले’ असा शेरा असतो. लाइट आल्यावर पॅकेजेस शोधून आणणारी ॲप्ट ही कमांड काही करायला नकार देते आणि डीपीकेजीला ‘कॉन्फिगर’ हा आदेश सर्व पॅकेजेससाठी चालवायला सांगते. तो चालवला की डीपीकेजी नोंदी वाचते, अर्धवट राहिलेली पॅकेजेस शोधते आणि त्यांच्या स्क्रिप्ट पुन्हा चालवते. एकच स्क्रिप्ट दोनदा चालली तर बिघाड होणार नाही का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर डेबियनच्या धोरण-पुस्तिकेच्या सहाव्या प्रकरणात आहे. ते सगळे प्रकरणच या स्क्रिप्ट आणि इन्स्टॉलेशनच्या कार्यपद्धतीवर आहे, आणि त्यात अट घातली आहे की स्क्रिप्ट मधेच तुटून पुन्हा चालवली तरी शेवटची स्थिती बरोबरच यायला हवी. कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, पॅकेजच्या बाबतीत हे फार गंभीर ठरते. सुरू होताना लागणारी प्रतिमा आणि बूटचा मेनू या स्क्रिप्टच तयार करतात. त्या पुऱ्या न होता कॉम्प्युटर बंद-चालू केला, तर तो कदाचित सुरूच होणार नाही.

या जागी ‘लॉक फाइल उडवा’ हा सल्ला देणे बेजबाबदारपणा आहे. ती फाइल डीपीकेजीच्या दप्तराच्या फोल्डरमध्ये कायमच असते, तिच्या नुसत्या असण्याने काहीही अडत नाही. खरे लॉक चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या नावे कर्नल धरून ठेवतो आणि प्रोग्रॅम संपला, मेला किंवा लाइट गेली की ते आपोआप सुटते. म्हणजे लाइट जाऊन आल्यानंतर फाइल उडवून काहीच साधत नाही. उलट ‘लॉक आहे’ असा संदेश येत असेल तर दुसरा कोणीतरी प्रोग्रॅम, बहुधा आपोआप होणारे अपडेट, त्या क्षणी खरोखर दप्तरात लिहीत आहे. तेव्हा फाइल उडवली तर दोन हात एकाच वेळी एकाच दप्तरात लिहू लागतात. पाच-दहा मिनिटे थांबणे हा इथला उपाय आहे, आणि तो कोणी सांगत नाही याचा संताप येतो.

‘पण फॉन्ट तर नुसता कॉपी केला तरी चालतो’, हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही. रेड हॅटने खुला केलेला लोहित देवनागरी फॉन्ट आपल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकला तर मराठी दिसू लागते. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष चुकतो. तो फॉन्ट फक्त त्या एका वापरकर्त्यापुरता चालतो, आणि प्रणालीच्या दप्तरात त्याचा पत्ताच नसल्यामुळे सुधारित आवृत्ती आली तरी ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तोच फॉन्ट पॅकेज म्हणून बसवला तर फॉन्टच्या यादीची नव्याने बांधणी आपोआप होते, सर्व वापरकर्त्यांना तो मिळतो, आणि कोणती फाइल कोणत्या पॅकेजची हे डीपीकेजीला विचारता येते. साध्या गोष्टीत कॉपी चालते याचे कारण तिथे स्क्रिप्टला फारसे काम नसते. जिथे सेवा सुरू करायची, वापरकर्ता तयार करायचा किंवा डेटाबेस मांडायचा असतो, तिथे कॉपी पुरत नाही.

फोल्डर डिलीट करण्याचेही तसेच. फाइली गेल्या तरी दप्तरात पॅकेज ‘बसलेले’च राहते, आणि पुन्हा इन्स्टॉल करायला गेले की ॲप्ट सांगते, ही आवृत्ती आधीच आहे. अशा वेळी ‘रीइन्स्टॉल’ असे स्पष्ट सांगावे लागते. विंडोजवरही वेगळे काही घडत नाही. तिथली नोंद रजिस्ट्रीत असते, आणि प्रोग्रॅम फाइल्समधला फोल्डर उडवला तरी प्रोग्रॅमचे नाव यादीत तसेच लोंबकळत राहते. एकाच जागेवर दोन वेगवेगळी दप्तरे लिहू लागली की काय होते, याचा पुरावा पायथनच्या जगात आहे. पिप ही कमांड प्रणालीच्या पायथनमध्ये परस्पर पॅकेजेस टाकायची आणि डीपीकेजीला त्याची खबर नसायची. त्यातून होणारी मोडतोड इतकी वाढली की २०२३ साली आलेल्या डेबियन १२पासून पिपला तिथे थेट लिहायला मनाई आहे आणि वेगळे आभासी वातावरण तयार करावे लागते.

याच गैरसमजाची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे: ‘नुसते इन्स्टॉल केले, चालवले कुठे? मग काय होणार?’ स्क्रिप्ट इन्स्टॉल करतानाच चालतात, आणि डेबियनवर त्या मुख्य प्रशासकाच्या, म्हणजे रूटच्या, अधिकाराने चालतात. जुलै २०१८मध्ये ईएसलिंट-स्कोप या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या ३.७.२ आवृत्तीत एक घातक स्क्रिप्ट घुसवली गेली. ती इन्स्टॉल होताच चालायची आणि एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या भांडारासाठीची प्रोग्रॅमरची ओळखचिन्हे चोरून पाठवायची. ईएसलिंटच्या चमूने स्वतःच हा सगळा प्रकार जाहीर केला. प्रोग्रॅम उघडण्याचीही गरज नव्हती, इन्स्टॉलची कमांड देणे पुरेसे होते. म्हणून पॅकेज कुठून येते हा प्रश्न पहिला. अधिकृत भांडारातून घेताना ॲप्ट त्या भांडाराची डिजिटल सही पडताळते. कोणी पेन ड्राइव्हवर दिलेल्या सुट्या पॅकेज फाइलची तशी पडताळणी होत नाही, आणि इंटरनेटवरची एक ओळ सुडो, म्हणजे रूटचा अधिकार देणारी कमांड, लावून चिकटवली तर कसलीच होत नाही.

बाकीचे समज थोडक्यात.

‘कमांड लाइन हॅकर लोकांची’: डेबियनचे पॅकेज बटण दाबून बसवले तरी आतून हेच काम होते, फक्त चूक कुठे झाली ते कमांड लाइनवर सविस्तर वाचता येते.

‘रिमूव्ह म्हटले की सगळे जाते’: प्रणालीतल्या सेटिंगच्या फाइली मागे राहतात, त्या काढायला ‘पर्ज’ लागते.

‘ॲप्ट आणि डीपीकेजी एकच’: डीपीकेजी बसवते आणि नोंद ठेवते. ॲप्ट लागणारी पॅकेजेस शोधून आणते, आणि ही कमांड १९९९च्या डेबियन २.१ बरोबर आली.

‘प्रत्येक वेळी नेट हवेच’: रेंज असताना ॲप्ट-गेटला ‘फक्त डाउनलोड’ असे सांगून पॅकेजेस उतरवून ठेवता येतात आणि नंतर नेटशिवाय बसवता येतात.

‘लिनक्सला धोका नाही’: मार्च २०२४मध्ये फाइली आकसणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेला चोरदरवाजा सापडला, आणि तो डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत पोहोचला होता.

समुद्राकाठच्या गावातली लाइट आपल्या हातात नाही, पण नोंदी जपणे आहे. पॅकेज अधिकृत भांडारातून घ्या. कर्नलचे अपडेट वादळी दिवशी टाळा, किंवा लॅपटॉप पुरता चार्ज असताना करा. काम मधेच तुटले तर काहीही उडवण्याआधी डीपीकेजीला ‘कॉन्फिगर’चा आदेश द्या आणि ती काय सांगते ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बहुतेक वेळा उपाय त्या संदेशातच लिहिलेला असतो. आणि ‘फोल्डर डिलीट कर’ असे कोणी सांगितले, तर दप्तरातली नोंद कोण काढणार, एवढे त्याला जरूर विचारा.