गुल्येल्मोच्या डोक्यावरचे हेल्मेट

रेडिओवाल्या मार्कोनीचे पहिले नाव ‘गुग्लिएल्मो’ म्हणताना शाळेत सगळ्यांचीच बोबडी वळायची. इटलीत ते साधारण ‘गुल्येल्मो’ असे म्हणतात; ‘ग्लि’मधला ग नुसता लिहायचा. मार्कोनी १८७४ साली बोलोन्यात जन्मला, पण त्याचे नाव काही मूळचे इटालियन नव्हे.

ते जर्मानिक टोळ्यांचे. ‘विल’ म्हणजे इच्छा, ‘हेल्म’ म्हणजे शिरस्त्राण. ५६८ साली लाँगोबार्ड इटलीत उतरले, पुढे फ्रँक आले, आणि राज्यकर्त्यांची नावे रयतेने उचलली. अडचण एकच होती. ओठांचा चंबू करून म्हणायचा जुना ‘व’ लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडातून तोवर गेला होता. पाहुण्यांचा तसा ‘व’ म्हणताना त्यांनी त्याच्या आधी ‘ग’चा टेकू लावला. भांडणाचा ‘वेर्रा’ झाला ‘ग्वेर्रा’, म्हणजे युद्ध. आणि विल्हेल्मचा झाला गुल्येल्मो. नॉर्मंडीच्या बोलीत मात्र ‘व’ टिकला आणि १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मंडीच्या विल्यमबरोबर तिकडे पोचला. दुकानदार आपल्याला ऐकवतो ती वॉरंटी आणि गॅरंटी हा मुळात एकच शब्द. एक नॉर्मंडीच्या दाराने आला, दुसरा पॅरिसच्या.

आता आणखी मागे जाऊ. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोबने १८२२ साली ध्वनिबदलाचा एक नियम मांडला. संस्कृत आणि जर्मानिक भाषा ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यातला ‘क’ जर्मानिक भाषांत ‘ह’ झाला. त्याच ‘क’च्या एका प्रकाराचा संस्कृतात ‘श’ होतो. म्हणून आपले शत, त्यांचे हंड्रेड. आपला श्वान, त्यांचा हाउंड. हाच नियम ‘हेल्म’ला लावा. ‘ल’चा संस्कृतात पुष्कळदा ‘र’ होतो, हेही धरा. हाती येते ‘शर्मन्’: आसरा, संरक्षण. शर्मा आडनावातला शब्द तोच. झाकणे या अर्थाच्या त्याच धातूपासून आपली ‘शाळा’ आणि इंग्रजांचा ‘हॉल’ही निघाल्याचे भाषाशास्त्रज्ञ सांगतात.

‘विल’चे नाते ‘वृ’ धातूशी, म्हणजे निवडणे, पसंत करणे. वर, स्वयंवर त्यातलेच. आपला ‘नवरा’सुद्धा, तो मुळात ‘नव-वर’.

पुण्यात हेल्मेटसक्तीला जन्मभर विरोध करणाऱ्या एखाद्या शर्मांना हे जपून सांगा. हेल्मेट त्यांच्या आडनावातच आहे.