जाळी बघा, मग नाव सांगा

लातूर-नांदेडकडच्या लग्नांत हल्ली वरातीला ‘विंटेज कार’ मागवायची पद्धत पडली आहे. लांबलचक गाडी, फुगीर मडगार्ड, दोन्ही बाजूंना पायदान, पुढे निकेलची चकचकीत जाळी. पाहुणे तिच्याभोवती फोटो काढत असतात तेव्हा मी आधी तिची चाकं बघते. चाकं जीपची निघाली, बोनेटखाली डिझेल इंजिन धडधडत असलं आणि दार लावताना पातळ पत्र्याचा आवाज आला, तर समजायचं की जीपच्या चेसिसवर नवा पत्रा ठोकून ही गाडी उभी केली आहे. घडवणाऱ्या मिस्त्रीच्या हाताला दाद द्यावी, पण तिला विंटेज म्हणू नये.

माझं बालपण नांदेडला गेलं. वडिलांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं आणि शाळा सुटली की मी तिथेच असायची. पुढे मी चित्रकलेची शिक्षिका झाले आणि लग्नानंतर लातूरला आले. कागदावर रेषा शिकवण्याआधी मी ती पत्र्यावर शिकले होते. वडिलांकडे काम करणारे एक चाचा होते. कुठलीही गाडी आत आली की ते मला विचारायचे, “बेटा, कौनसी है?” मी नावाची पट्टी वाचायला गेले की म्हणायचे, “नाम मत पढ, जाली देख.”

चाचांचं म्हणणं किती खरं होतं, ते वालचंद हिराचंद यांच्या गाड्यांवरून कळतं. सोलापूरच्या या उद्योगपतींनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. नावं तीन : डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो. परदेशी बाजारांसाठी क्रायस्लर बऱ्याचदा प्लायमाउथच्याच अंगावर डॉजची किंवा डिसोटोची जाळी आणि पट्ट्या चढवत असे. दारं तीच, छप्पर तेच, काचा त्याच. पट्टी वाचणारा म्हणणार डॉज, आणि अंग ओळखणारा म्हणणार प्लायमाउथ. शिवाय पट्ट्या गळून पडतात, चोरीला जातात, दुसऱ्या गाडीच्या आणून लावल्या जातात. पत्र्याची ठेवण सहसा बदलत नाही.

गाडीचा काळ ठरवायचा तर मी काचेपासून सुरुवात करते. समोरची काच सपाट आणि उभी असेल तर गाडी बहुधा १९३५ च्या आधीची. मधे दांडी घालून दोन तुकडे जोडलेली काच साधारण १९५० पर्यंत चालली. त्यानंतर एकसंध वाकवलेली काच आली आणि १९५४ नंतरच्या अमेरिकन गाड्यांत तर ती दाराच्या बाजूपर्यंत वळू लागली. मग दिवे. दांडीवर सुटे बसवलेले दिवे जुने, मडगार्डमध्ये बुडालेले दिवे नंतरचे. बोनेट दोन्ही बाजूंनी पंखासारखं उघडत असेल तर जुनी घडण, पुढून एकाच झाकणासारखं उचललं जात असेल तर नवी. चाकं लाकडी आऱ्यांची आहेत, तारांची आहेत की पत्र्याची, हेही बघावं. दोन दारांमधल्या खांबातून वळण्याची खूण करणारा छोटा केशरी हात बाहेर येत असेल, तर गाडी युरोपातली, बहुतेक वेळा इंग्रजी, १९५०-६० च्या आसपासपर्यंतची.

‘विंटेज’ म्हणजे नेमकी किती जुनी? इंग्लंडातले शौकीन हा शब्द १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांपुरताच वापरतात. आपल्याकडे २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी विंटेज ठरली. आपल्या गावांतल्या गाड्यांसाठी मला हीच व्याख्या कामाची वाटते.

काळ कळला की देशाकडे वळायचं. देशागणिक गाडीचा चेहरा बदलतो तो आवडीनिवडीमुळे, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं रस्ते, पेट्रोल आणि करांनी ठरवलं. इंग्लंडात १९२१ पासून मोटारीवर हॉर्सपॉवरमागे एक पौंड कर होता, आणि ही हॉर्सपॉवर इंजिनाच्या खऱ्या ताकदीवरून न मोजता सिलिंडरच्या व्यासावरून मोजत. फोर्डच्या मॉडेल टीचं इंजिन साधंच, पण सिलिंडर रुंद, म्हणून हिशेब २२ च्या वर जायचा. मग इंग्रज कारखानदारांनी सिलिंडर अरुंद आणि उंच केले, गाड्या लहान केल्या आणि कराचा आकडाच गाडीला नाव म्हणून दिला. मॉरिस टेनमधला ‘टेन’ तिथून आला. तीच मॉरिस पुढे आपल्याकडे हिंदुस्तान टेन झाली. इंग्रजी गाडीचं उभं, आखडलेलं, थोडं गंभीर रूप मला या करातूनच आलेलं दिसतं. छप्पर उंच, बैठक ताठ, आत लाकूड आणि कातडं.

श्रीमंतांचं इंग्लंड अर्थात वेगळं होतं. रोल्स-रॉइस कंपनी इंजिन आणि चेसिस द्यायची, वरचं अंग दुसऱ्या कारागिरांकडून घडवून घ्यायचं. आपले नांदेड आणि लातूर तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी मागवलेली सिल्व्हर घोस्ट लंडनच्या बार्कर कंपनीने घडवली. पिवळ्या रंगाची ही गाडी आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे आणि तिच्यात मागे चक्क सिंहासनासारखी उंच बैठक आहे. नांदेडहून हैदराबादला जाणाऱ्यांनी चारमिनारसोबत ही गाडीही बघावी. तिची जाळी देवळाच्या दर्शनी भागासारखी आहे, कडा धारदार. पुढची शंभर वर्षं रोल्सने ही जाळी फारशी बदलली नाही.

जर्मन घडणीसाठी कोल्हापूरला जावं. छत्रपती घराण्याची मेबॅक शाही दसऱ्याला दसरा चौकात येते. तिचा थाट रोल्सहून निराळा : लांब, जड, लोखंडाचं वजन न लपवणारा. फ्रेंच गाड्या आपल्या भागात मी जवळजवळ पाहिल्याच नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी इथे लिहीत नाही.

अमेरिकेत रस्ते रुंद आणि पेट्रोल स्वस्त. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये गाडीच्या रूपासाठी वेगळा विभागच काढला आणि हार्ली अर्ल यांना त्याचं प्रमुख केलं. दरवर्षी जाळी बदलायची, निकेलची पट्टी बदलायची, म्हणजे शेजाऱ्याची नवी गाडी बघून माणसाला आपली जुनी वाटली पाहिजे. म्हणूनच अमेरिकन गाडीचं नेमकं साल सांगणं सगळ्यात सोपं. पी-३८ हे लढाऊ विमान अर्ल यांच्या मनात भरलं होतं. त्याच्या शेपटीवरून १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डांना छोटे पंख फुटले. ते वाढत वाढत १९५९ च्या कॅडिलॅकला अगदी टोकाला गेले.

आता हे पंख नांदेडला कसे पोचले ते सांगते, कारण मला या सगळ्या विषयात हा प्रवास फार आवडतो. इटलीतले अंगकारागीर पत्र्यावर कमीत कमी रेषा ठेवण्यात तरबेज. पिनिनफारिना यांनी १९४७ मध्ये चिसितालिया २०२ ही गाडी घडवली. तिचे मडगार्ड, बोनेट, दिवे सगळे एकाच वळणात मिसळलेले आहेत, कुठे जोड दिसत नाही. अशा देशात अमेरिकन पंख गेला तेव्हा त्याची जाडी उतरली. फियाट ११०० च्या मागच्या कोपऱ्यांवर त्याची एक बारीक धार तेवढी राहिली आणि तिच्याखाली उभा लाल दिवा. ही फियाट कुर्ल्याला तयार होऊ लागली. १९६४ मध्ये ती डिलाइट झाली, पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. आमच्या गॅरेजमध्ये पद्मिनी आली की मी मागच्या मडगार्डवरून बोट फिरवायची. छपराखालून निघालेली कड दिव्यापर्यंत सरळ जाते आणि तिथे हलकेच उचलली जाते. पुट्टी भरताना ही कड बोथट झाली की चाचा सगळी पुट्टी खरवडून पुन्हा भरायचे. गाडीच्या मालकाला फरक कळला नसता. चाचांना कळायचा.

डिलाइटच्या आधीची, १९५४ पासून आलेली गोल पाठीची फियाट सगळ्या महाराष्ट्राला ‘डुक्कर फियाट’ म्हणून माहीत आहे. तिची पुढची दारं मधल्या खांबाला बिजागरी असल्याने उलटी उघडतात. डिलाइट आणि पद्मिनीची दारं नेहमीसारखी. दुरून ओळखायला एवढी खूण पुरे.

अ‍ॅम्बेसेडर मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. इंग्लंडात ती १९५० च्या दशकातच थांबली, आपल्याकडे १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत राहिली. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख या मुख्यमंत्र्यांच्या जिल्ह्यांत पांढरी अ‍ॅम्बेसेडर आणि तिच्यावरचा लाल दिवा लहान मुलांनाही ओळखू यायचा. पण अ‍ॅम्बेसेडर म्हणजे सगळी एकच असं समजू नका. पहिल्या मार्कच्या, म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या, बोनेटवर खळगे आहेत. १९६२-६३ च्या सुमारास आलेल्या दुसऱ्या मार्कला बारीक चौकड्यांची जाळी, तर १९७५ नंतरच्या तिसऱ्याला आडव्या पट्ट्या. खळग्यांचं बोनेट ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते जपून ठेवावं, तसा पत्रा आता मिळत नाही.

मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड इथे थोडी होती. तिची घडण इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांची आणि यंत्र इंग्रजी. मडगार्डांसकट अख्खं बोनेट पुढे कलंडलं की ती हेरल्ड, दुसरी खूण शोधायला नको.

मराठवाड्याची खरी जुनी गाडी मात्र जीप. महिंद्रने १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली. तहसीलदार, बीडीओ, पोलीस, पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर, प्रचाराला निघालेले उमेदवार, सगळ्यांखाली हेच जिपडं. युद्धातल्या जीपच्या जाळीला नऊ फटी होत्या, नागरी जीपला सात. महिंद्रने पुढे बनवलेल्या सीजे-३बी चं बोनेट उंच, कारण आतलं इंजिन उंच. या जीपला कुणी सुंदर म्हणत नसे. पण न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९५१ मध्ये घडणीसाठी निवडलेल्या आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्यांत चिसितालिया होती आणि तिच्या जोडीला विलीज जीपही होती. मी वर्गात हे दरवर्षी सांगायची. जीपचा पत्रा सपाट आहे, कारण तो झटपट कापता-वाकवता यावा. मडगार्ड सपाट आहेत, त्यांवर माणूस बसू शकतो. तिच्यात शोभेची एकही रेषा नाही आणि तरी चार रेषांत कुठलंही पोर ती काढून दाखवतं. घडणीची याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही.

जुनी गाडी मिळाली तर तिचा मूळ रंग शोधण्याचा मार्गही सांगून ठेवते. बाहेरचा रंग बघू नका, तो कितीदा तरी बदललेला असतो. डॅशबोर्डचा खण उघडून आतला वरचा भाग बघा, दाराच्या रबरी पट्टीखाली बघा, डिकीत स्पेअर चाकाच्या मागे बघा. तिथे फवारणी करणाऱ्याचा हात पोचलेला नसतो. दाराच्या आतल्या कडेवर पाण्याचा पॉलिश कागद गोल गोल फिरवला की थर एकाखाली एक उघडे पडतात : वरचा पांढरा, मग निळा, मग राखाडी अस्तर, खाली तांबूस प्रायमर आणि मग पत्रा. अस्तराच्या लगेच वरचा रंग तो कारखान्याचा. मधे पुट्टीचा जाड थर लागला तर तिथे कधीतरी ठोकर बसलेली आहे.

लातूरला गंजगोलाईच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत आणि नांदेडकडच्या कितीतरी शेतांवर अशा गाड्या ताडपत्रीखाली उभ्या आहेत. मुलं पुण्याला गेली, गाडी वडिलांची होती, चालत नाही, जागा अडते, म्हणून किलोच्या भावाने ती भंगारात जाते. १९७४ च्या पद्मिनीला आता पन्नास वर्षं झाली, म्हणजे ती कायद्याने विंटेज म्हणून नोंदवता येते. चेसिस, अंग आणि इंजिनात मोठे फेरफार नसावेत एवढी मुख्य अट. नियमाप्रमाणे नवी नोंदणी वीस हजार रुपयांची, दहा वर्षांची, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्तीसाठी ती रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापरासाठी नाही.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी तीन कामं करा. आरसी बुक शोधून ठेवा. बोनेट उघडून चेसिस आणि इंजिनाचा नंबर लिहून घ्या. आणि जाळीचा, मागच्या दिव्यांचा, दाराच्या बिजागरीचा जवळून फोटो काढून गावातल्या जुन्या मिस्त्रीला दाखवा. गाडी कोणती आणि कोणत्या सालची, हे तो सांगेल.