बाळू पालवणकरांचा खांदा आणि आपली मुले

भातकापणी उरकली की आपल्या जिल्ह्यात रिकाम्या मळ्यांत क्रिकेटचे सामने सुरू होतात. वाडीत चांगला गोलंदाज एखादाच. सकाळच्या सामन्यात तोच, दुपारच्याही सामन्यात तोच. संध्याकाळी खांदा धरून घरी येतो, आई तेल चोळते आणि दुसऱ्या दिवशी दुखण्याची गोळी घेऊन स्वारी पुन्हा मैदानावर. अशा मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आम्ही आज बाळू पालवणकरांची आठवण काढत आहोत.

हे आडनाव आपल्याच जिल्ह्यातील पालवणचे. चर्मकार समाजातले बाळू तरुणपणी पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना 4 रुपयांवर रोलर फिरवत, जाळी बांधत. साहेब लोक तासन् तास त्यांच्याकडून गोलंदाजी करून घेत. बॅट मात्र हाती देत नसत. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतले, पण चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. डावा हात हवा होता, माणूस नको होता.

1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. 23 पैकी 15 सामने हरला. बाळूंनी दुखऱ्या खांद्यानिशी 114 बळी घेतले. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व हरले, हेही आम्ही विसरत नाही. पण त्यांच्या खांद्याकडून शिकण्यासारखे आहे.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो थकला की ‘रिलीफ पिचर’ म्हणजे बदली खेळाडू येतो. एकदा बाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू रिंकू सिंग 2008 साली चेंडूफेकीची स्पर्धा जिंकून असाच डावखुरा रिलीफ पिचर झाला. इतकी काळजी घेणाऱ्या खेळातही 2013 मध्ये कोपराच्या दुखापतीने त्याला बाहेर बसवले. मग आपल्या मळ्यातल्या पोराचे काय?

तिकडे मुलांचे चेंडू मोजतात. 11-12 वर्षांच्या मुलाने दिवसात 85 पेक्षा जास्त फेकू नयेत, असा दंडक आहे. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये 13 वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाला सलग 5 आणि दिवसभरात 10 षटकांचीच मुभा आहे. कारण साधे आहे. खांद्याचा सांधा उथळ असतो. त्याला स्नायू आणि त्यांचे कंडरे धरून ठेवतात. विश्रांतीविना तेच काम केले की कंडरे सुजतात, पुढे फाटतात. वाढत्या वयात हाडाचे टोकही कच्चे असते.

म्हणून मंडळांना आमचे सांगणे: संघात दोन-तीन गोलंदाज तयार करा. षटके वहीत लिहा. खेळण्याआधी दहा मिनिटे अंग मोकळे करा. गोळी घेऊन कुणालाही मैदानात उतरवू नका. रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, हात डोक्यावर जात नसेल किंवा आठवडाभर दुखणे हटत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. निखळलेला खांदा गावात कुणाकडून ओढून बसवू नका.

बाळूंना ‘आज पुरे’ म्हणणारे कुणी नव्हते. आपल्या मुलांना ते आपण म्हणू या.

जय भीम.